आमच्या ओसरीचा रंग

गावच्या घराच्या ओसरीला रंग काढायचं ठरलं आणि आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस दुसरा विषय उरला नाही. कुवेतहून चुलत भावानं लिहिलं, ‘‘हिरवाच द्या. होता तोच. आपला रंग आहे.’’ पैसे तोच पाठवणार होता, त्यामुळे त्याच्या मताला वजन होतं. मुंबईतल्या पुतण्यानं मात्र रात्री उशिरा मला वेगळा फोन केला. ग्रुपवर त्याला हे लिहायचं नव्हतं. ‘‘चाचा, हिरवा नको. आता रस्ता रुंद झालाय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून आपली ओसरी दिसते. कशाला उगाच?’’ त्या ‘कशाला उगाच’मध्ये त्यानं काय काय भरलं होतं, ते मी इथं उलगडून सांगायला नको. भाचीचं तिसरंच. तिला होम-स्टेवाल्यांसारखं अक्रोडी पॉलिश हवं होतं. आमचे रंगारी निवांत होते. म्हणाले, ‘‘कार्डात सतराशे साठ रंग आहेत सर, त्यातला एक सांगा म्हणजे झालं.’’

मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. मला वाटलं, भांडण्याआधी ओसरीलाच विचारावं. ‘होता तोच’ म्हणजे नेमका कुठला?

घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून फार लांब नाही. भिंती जांभ्याच्या, वर मंगळुरी कौलं, पुढं लांबलचक ओसरी आणि तिला सागवानाचे आठ खांब. मधल्या तुळईवर हिजरी १३२७ असा आकडा कोरलेला आहे, म्हणजे इसवी सन १९०९. त्या काळात अशा घरांसाठी ब्रह्मदेशातलं सागवान मुंबईमार्गे कोकणात यायचं. माझे पणजोबा आधी बोटीवर खलाशी होते, मग दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेले आणि तिथं किराणा विकून या घराचे पैसे पाठवले. कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांची कुळकथा हीच आहे. गावात फक्त बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. घर उभं राहतं ते मनीऑर्डरवर.

आपल्याकडे ‘रंग काढणं’ याचे दोन अर्थ होतात, लावणं आणि खरवडणं. मी दुसऱ्या अर्थापासून सुरुवात केली. पद्धत साधी आहे. लाकूड ओलं करायचं आणि धारदार पात्यानं रुपयाएवढी जागा एकेक थर उतरवत पायऱ्यांसारखी खरवडायची, म्हणजे प्रत्येक थराची एक कड उघडी राहते. मग भिंग घेऊन बसायचं. हे करताना दोन पथ्यं पाळली. जुन्या तेलरंगांत शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही, धूळ उडू द्यायची नाही आणि पोरांना जवळ फिरकू द्यायचं नाही. रंगारी रंग जाळून काढणारा बर्नर घेऊन आले होते, तो मी परत पाठवला. शिशाची वाफ फुफ्फुसात जाते आणि खांबही काळा पडतो. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर दर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचं जे काही भिंतींवर आणि खिडक्यांवर आहे, ते संशयितच समजायचं.

उजवीकडून तिसऱ्या खांबावर, झोपाळ्याच्या कडीच्या जरा खाली, मला चार थर मिळाले. सगळ्यात वर हिरवा, चकचकीत इनॅमल. त्याच्या खाली करडा, बोटीच्या लोखंडावर असतो तसा. करड्याखाली लाल-तपकिरी, पातळ, खडूसारखा भुसभुशीत. आणि तळाशी रंग नव्हताच. लाकडात मुरलेलं तेल होतं, काळपट. कठड्यावर मात्र करडा आणि हिरवा एवढे दोनच थर निघाले. म्हणजे कठडा नंतर बसवला. ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. आम्ही सगळे त्या कठड्यावर बसून वाढलो आणि त्याला घराएवढाच जुना समजत होतो.

तिसरा थर पाहून रंगारी हसले. ‘‘ही तर काव आहे सर. म्हणजे गेरू. आमच्या आजीच्या घरात याच्यानंच चूल सारवायचे.’’ मी त्या थराचा फोटो ग्रुपवर टाकला. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग कुवेतहून एक ओळ आली, ‘‘म्हणजे आपलं घर भगवं होतं?’’ पुढं हसणारे चेहरे होते, पण मला ते हसू जरा उशिरा आल्यासारखं वाटलं.

इथं थोडं थांबलं पाहिजे, कारण ही लाल माती फार फिरलेली आहे. काव म्हणजे लोहाचा गंज मिसळलेली माती. जांभ्याच्या कोकणात ती पायाखाली सापडते. तेलात किंवा खळीत कालवून लावली की लाकडाचं उन्हापासून रक्षण करते, आणि फुकट मिळते. गोव्यापासून सिंधुदुर्गापर्यंत देवळांच्या भिंतींवर चुन्यात कावीची नक्षी करायची कलाच होती. पण या लाल मातीचं बाजारातलं एक जुनं नाव हिरमिजी असंही आहे, आणि ते इराणच्या आखातातल्या हुर्मुज बेटावरून आलंय. ते बेट लोहमातीनं इतकं लाल आहे की पावसानंतर किनाऱ्याचं पाणी तांबडं होतं. हुर्मुजची गलबतं दाभोळला आणि चौलला यायची. बहामनी काळात दाभोळ त्या राज्याचं मोठं बंदर होतं. घोडे, खजूर, मोती यांच्याबरोबर रंगाची मातीही या समुद्रानं वाहिली. आमच्या खांबावरची काव बहुतेक शेजारच्या डोंगरातलीच असणार, तिला हुर्मुजला पाठवायचा माझा हट्ट नाही. पण ज्या रंगाला आज रस्त्यावरचा माणूस पाहताक्षणी एका धर्माचं नाव देतो, त्याच रंगाला आपल्या रंगाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमानी बंदराच्या नावानं हाक मारली. शिवाय चिश्ती-साबिरी सिलसिल्याच्या फकिरांचा पेहराव गेरूचाच. कलियर शरीफच्या उर्साला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या पणजोबांनी काव निवडताना यातलं काही मनात आणलं असेल असं मला वाटत नाही. ती मिळत होती, म्हणून लावली.

करड्या थराचा उलगडा सोपा आहे. आमच्या गावातली निम्मी माणसं बोटीवर असायची, कुणी सारंग, कुणी टंडेल, कुणी इंजिनखोलीत भट्टीवर. मुंबईच्या गोदीतून सुट्टीवर घरी येणाऱ्याच्या ट्रंकेत साबण, चहा, फडताळासाठी काचा आणि उरलासुरला रंग असायचा. लोखंडी बोटीला गंज लागू नये म्हणून आधी शेंदऱ्या रंगाचा हात देतात. तो शिशाचा असतो, आणि आपला पारंपरिक शेंदूरही नेमका तोच पदार्थ. त्यावर करडा. आमच्या ओसरीनं काही वर्षं बोटीचा गणवेश घातला होता, एवढंच.

आता हिरवा.

लहानपणापासून आपण गृहीत धरतो की हिरवा हा इस्लामचा रंग, आणि तो पहिल्यापासून तसाच आहे. यात खरं किती? कुरआनात जन्नतवासीयांच्या हिरव्या रेशमी वस्त्रांचा उल्लेख आहे, सूरह कहफमध्ये आणि सूरह दहरमध्ये. हिरवळ आणि पाणी ही वाळवंटातल्या माणसाची जन्नत असणारच. पण अंगावरच्या कपड्यासाठी पैगंबरांनी (स.) पांढऱ्याची शिफारस केली, आणि मक्का जिंकून शहरात प्रवेश केला तेव्हा त्यांच्या डोक्याला काळा अमामा होता. पुढं राजवटींनी आपापले रंग धरले. उमय्यांचा पांढरा मानला जातो, अब्बासींचा काळा. अब्बासी खलिफा मामूननं ८१७ साली इमाम अली रझा यांना वारस नेमलं आणि दरबाराचा काळा रंग बदलून हिरवा केला. दोन वर्षांत तो बगदादला परतला आणि हिरवा गुंडाळून पुन्हा काळा आला. दरबारी लोकांना कपडे बदलण्याचा खर्च तेवढा झाला. इजिप्तच्या ममलुक सुलतान अश्रफ शाबाननं हिजरी ७७३ मध्ये हुकूम काढला की सय्यद घराण्यातल्या लोकांनी फेट्याला हिरवी खूण लावावी. म्हणजे हिरवा तेव्हा साऱ्या मुसलमानांचा नव्हता, एका घराण्याची ओळख पटवणारी ती पट्टी होती.

आणि मदिन्याचा हिरवा घुमट? ज्याच्या चित्राचं कॅलेंडर आमच्या याच ओसरीच्या भिंतीवर दरवर्षी लागतं? पैगंबरांच्या (स.) कबरीवर पहिला घुमट १२७९ साली बांधला गेला, लाकडाचा, आणि त्याला काही रंग नव्हता. पुढं आगी लागल्या, पुन्हा बांधकामं झाली, तो पांढरा होता, निळा होता. आजचा घुमट उस्मानी सुलतान दुसरा महमूद याच्या काळातला, आणि त्याला हिरवा रंग पहिल्यांदा दिला गेला तो १८३७ साली. पुण्यात तेव्हा पेशवाई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. ज्याला आपण गुंबद-ए-खज़रा म्हणतो आणि ज्याच्या आठवणीनं आपले डोळे भरून येतात, तो हिरवा झाल्याला अजून दोनशे वर्षंही पूर्ण झालेली नाहीत. यानं माझी अकीदत तसूभरही कमी होत नाही. अकीदत घुमटाखाली जे आहे त्याच्यावर आहे. पण ‘होता तोच रंग द्या’ असं मदिन्यातही कुणी म्हटलं असतं, तर ‘कुठला होता तो?’ असा प्रश्न तिथंही निघाला असता.

एक गोष्ट रंगाऱ्यांच्या बाजूनंही. टिकाऊ आणि स्वस्त हिरवा रंग मिळवणं पूर्वी महाकठीण होतं. पानं हिरवी असली तरी पानाचा रंग भिंतीवर टिकत नाही. तांब्याच्या जंगाचा हिरवा काळा पडे. १७७५ साली स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञानं तांबं आणि सोमल यांच्यापासून झगझगीत हिरवा बनवला, आणि युरोपातल्या घरांच्या भिंतींवर तो विषासकट चढला. नंतर बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा आणि क्रोमचा पिवळा मिसळून हिरवा बनू लागला, आणि कारखान्यातला हिरवा डबा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. त्या पिवळ्यात पुन्हा शिसं. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात रंगांची आयात अडली, १९४२ साली मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत इनॅमलचे डबे तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. म्हणजे आमच्या खांबावरचा ‘आपला’ रंग हा रसायनशाळेचा, रेल्वेचा आणि किराणा दुकानाच्या फळीचा होता. आणि महाराष्ट्रात हिरवा म्हटलं की पहिलं काय आठवतं? हिरवा चुडा. तो विकणारा आणि हळुवार हातानं भरणारा कितीतरी गावांत आमचा मणियार असतो.

रंगाला जातधर्म चिकटवण्याचा आणि काढण्याचा खेळ या देशानं अधिकृतपणेही खेळून पाहिलाय. १९२१ साली पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना दाखवलेल्या झेंड्यात लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा असा हिशेब होता. इतरांसाठी पांढरा नंतर जोडला. मग शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठं? वाद वाढला तेव्हा १९३१ साली काँग्रेसनं केशरी, पांढरा, हिरवा असा झेंडा स्वीकारला आणि ठरावातच स्पष्ट केलं की या रंगांना जातीय अर्थ नाही. दहा वर्षांत अर्थ लावला गेला आणि काढलाही गेला. कागदावर तरी.

पणजोबांच्या केपटाउनमध्येही अशीच एक गोष्ट आहे. तिथल्या बो-काप वस्तीतली मुसलमानांची घरं आता जगभर माहीत आहेत. गुलाबी, पिवळी, जांभळी, पोपटी, आणि प्रत्येक घरापुढं ‘स्टूप’ म्हणतात ती बसायची उंच ओसरी. पर्यटकांना सांगतात की भाडेकरू असताना घरं पांढरी ठेवण्याची सक्ती होती, आणि मालकी मिळाल्यावर लोकांनी आनंदानं रंग उधळले. गोष्ट सुंदर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावरची छायाचित्रं पाहिली तर ती वस्ती बरीचशी पांढरी आणि फिक्या रंगांची दिसते, म्हणजे हे झगमगीत रंग अलीकडचे, एवढं नक्की. पण आज तिथल्या माणसांना तोच आपला वारसा वाटतो, आणि बिल्डरांच्या रेट्यापुढं टिकण्यासाठी तो त्यांच्या कामी आला. २०१९ साली त्या वस्तीतल्या १९ जागा राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाल्या. पन्नास वर्षांचा रंग असला तरी तो खोटा ठरत नाही. हे मी तेव्हा नुसतं वाचलं होतं, कळलं ते चाचीमुळं.

चाची ब्याऐंशीची आहे. त्या घरात खऱ्या अर्थानं राहणारी ती एकटीच, आम्ही सगळे सुट्टीचे पाहुणे. चार दिवस ती झोपाळ्यावर बसून माझं खरवडणं बघत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. इतिहासकाराची ही जुनी खोड, खांबाला भिंग लावायचं आणि शेजारी बसलेल्या माणसाला विसरायचं. पाचव्या दिवशी चहा देताना तीच म्हणाली, ‘‘एवढं उकरतोस कशाला? मला विचार की. हिरवा माझ्या लग्नात काढला. बासष्ट साली. तुझे दादा निळा आणायला गेले होते. दुकानात निळा संपला होता. लग्न चार दिवसांवर आलेलं. म्हणाले, जो आहे तो दे बाबा.’’

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कुवेतचा ‘आपला रंग’ आणि मुंबईची ‘कशाला उगाच’ ही धास्ती, दोन्ही दुकानात संपलेल्या एका डब्यावर उभ्या होत्या.

मला वाटलं, आता प्रश्न सुटला. मी उत्साहानं म्हणालो, ‘‘म्हणजे चाची, हिरव्याचा हट्ट धरायला काही कारणच नाही.’’ ती म्हणाली, ‘‘माझं आहे ना. मी या उंबऱ्यातून आत आले तेव्हा रंगाचा वास अजून गेला नव्हता. शालूला कठड्याचा डाग लागला, अजून आहे. तुम्ही खांबांचं काय करायचं ते करा. कठडा हिरवाच राहील.’’

जुन्या वास्तू जपणाऱ्यांचा १९६४ सालचा व्हेनिसचा जाहीरनामा आहे. वास्तूत वेगवेगळ्या काळांनी जी रास्त भर घातली, ती सगळी मानावी, सगळं एका साच्यात आणणं हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट नव्हे, असं त्यात मांडलेलं आहे. वर्गात मी हे कितीदा शिकवलं. पण घरी आल्यावर माझीही ओढ १९०९कडेच होती. जुनं ते खरं, नंतरचं ते उपरं. दुसऱ्या विषयात हीच भाषा कोण बोलतं, ते आठवलं आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

खांबांचा निकाल शेवटी लाकडानंच दिला. इनॅमल म्हणजे लाकडावर चढवलेली काचेसारखी साल. कोकणातल्या पावसात ओल खालून, तळखड्याच्या दगडातून लाकडात चढते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग सालीला फोड येतात आणि आतलं लाकूड कुजतं. आमच्या दोन खांबांचे पाय असेच मऊ झाले होते. तेल तसं करत नाही. ते लाकडात मुरतं आणि ओलीला बाहेर पडू देतं. पूर्वी आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. होड्यांनाही तेच. वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही, पण हाताला लागलं तर कातडी भाजते. रंगारी त्याला तयार झाले नाहीत, आणि त्यांचंच बरोबर होतं. आम्ही उकळलेलं अळशीचं तेल घेतलं, त्यात थोडी काव कालवली, आणि फडक्यानं चोळून तीन हात दिले, दोन हातांमध्ये दोन-दोन दिवसांची उसंत ठेवून. नुसतं पारदर्शक तेल उन्हात टिकत नाही, लाकूड वर्षभरात करपतं. कावीतलं लोह ऊन अडवतं. पणजोबांच्या काळच्या सुतारांना हे कारण सांगता आलं नसतं, पण ते करत तेच होते.

पुतण्याला मी फोन करून सगळं सांगितलं. खांब तेलकट लाल, कठडा हिरवा. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘चाचा, मधे पांढरं काही आहे का?’’ भिंत चुन्याची आहे, मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. पण त्याची भीती हसण्यावारी गेली असं मी म्हणणार नाही. रस्ता रुंद झालाय हे खरंच आहे. त्यावरून कोण कधी जाईल, हे काही मी ओसरीच्या रंगावरून ठरवू शकत नाही. त्याला एवढंच म्हणालो की कठड्याचा रंग चाचीच्या शालूवर आहे, येऊन बघून जा.

तिसऱ्या खांबावरची खरवडलेली जागा तशीच ठेवलीय, चारही थरांच्या पायऱ्यांसकट. रंगाऱ्यांना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, लोक म्हणतील काम अर्धवट सोडलं. शेवटी त्यांनी तिच्याभोवती हातभर सुबक चौकट आखून दिली, म्हणजे ते मुद्दाम ठेवलंय हे कळावं. खांबांना दरवर्षी पावसाळा संपल्यावर तेलाचा एक हात द्यावा लागेल. पहिल्या वर्षी कुवेतचा भाऊ स्वतः येतो म्हणालाय. डाव्या बाजूच्या शेवटच्या खांबाचा पाय मात्र सुताराला दाखवावा लागणार आहे. तिथं बोट दाबलं की अजून आत जातं.